सहज अभिप्रायाचे मोल
ग्राहकोपयोगी तंत्रज्ञान आणि ऑनलाइन समुदाय

१. विषयाची व्याप्ती

विकत घेतलेली वस्तू कशी निघाली, हे माणूस दुसऱ्याला सांगतोच. मिक्सर लवकर तापतो, पंखा आवाज करतो, मोबाइलची बॅटरी दुपारपर्यंतही पुरत नाही, दोनदा फोन करूनही दुरुस्तीला कोणी आले नाही, अशी ही वाक्ये असतात. त्यांच्यामागे प्रयोगशाळा नसते. सांगणारा त्या विषयातला जाणकार असेलच असे नाही आणि ऐकणाराही पुरावा मागत नाही. अशा मताला येथे सहज अभिप्राय म्हटले आहे. पूर्वी तो ओट्यावर किंवा लोकलच्या डब्यात बोलला जाई आणि तिथेच विरून जाई. संगणकांच्या जाळ्याने त्याला दोन नव्या गोष्टी मिळवून दिल्या. एक म्हणजे कधीही समोरासमोर न आलेल्या माणसांचा श्रोतृवर्ग आणि दुसरी म्हणजे लिहिलेले मागे राहण्याची सोय.

या बदलाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना त्यात जनतेचे शहाणपण दिसते, तर काहींना निव्वळ गलबला. गेल्या काही दशकांतल्या ठळक घटना क्रमाने पाहिल्या तर दोन्ही निदाने अपुरी ठरतात. सहज अभिप्रायाचे मोल देणाऱ्याच्या अधिकारावरून ठरत नाही, की देणाऱ्यांच्या संख्येवरूनही ठरत नाही. त्याला प्रतिप्रश्न करणारे, तो स्वतः पडताळून पाहणारे आणि झालेली चर्चा जपून ठेवणारे लोक भोवती असतील, तर साध्या तक्रारीचे सार्वजनिक ज्ञान होते. असे लोक नसतील, तर लाखो अभिप्राय जमूनही हाती काही लागत नाही. हेच या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

२. संघटित ग्राहक आणि प्रयोगशाळा

वस्तूंची निष्पक्ष पारख करण्याची पद्धतशीर चळवळ इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९५७ मध्ये ‘विच?’ हे नियतकालिक निघाले. बाजारातून वस्तू स्वतः विकत घ्यायच्या, त्यांची चाचणी करायची, निकाल छापायचे आणि उत्पादकांच्या जाहिरातींवर अवलंबून राहायचे नाही, ही त्यांची पद्धत. महाराष्ट्र या चळवळीत मागे नव्हता. ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ १९६६ मध्ये मुंबईत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे अशा संस्थांचे अनेक वर्षांचे काम होते.

प्रयोगशाळेतल्या चाचणीला पर्याय नाही, पण तिला मर्यादा आहेत. ती मोजक्या नमुन्यांची आणि ठरावीक काळापुरती असते. वस्तू तिसऱ्या पावसाळ्यात कशी चालेल, कडक पाण्याच्या गावात धुलाई यंत्राचे काय होईल, कोकणातल्या दमट खाऱ्या हवेत धातूचे भाग किती टिकतील, हे सारे एका प्रयोगशाळेला तपासता येत नाही. ते वापरणाऱ्यांनाच ठाऊक असते.

याचे मुंबईतलेच एक उदाहरण फार बोलके आहे. १९६० च्या दशकात परदेशी बनावटीचे मिक्सर इथल्या स्वयंपाकघरात टिकत नसत. भिजवलेली डाळ, ओले खोबरे, सुके मसाले वाटण्याचा भार त्यांच्या मोटरला पेलत नसे. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरातला जर्मन मिक्सर असाच बंद पडला. घरातली ही अडचण त्यांनी मनावर घेतली आणि भारतीय वाटणासाठी जोरकस मोटरचे यंत्र घडवले. तेच पुढे ‘सुमीत’ या नावाने घरोघरी पोचले. त्या जर्मन यंत्रात त्याच्या देशातल्या वापरापुरते काही कमी नव्हते. कमी होती ती इथल्या वापराची माहिती, आणि ती ओट्यापाशी काम करणाऱ्या व्यक्तीच्या तक्रारीत होती.

३. पहिले समुदाय

सामान्य माणसांनी संगणकाच्या मदतीने एकमेकांना विचारावे आणि सांगावे, याचा पहिला ठळक प्रयोग ऑगस्ट १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे झाला. ‘कम्युनिटी मेमरी’ हे त्याचे नाव. एफ्रेम लिप्किन, मार्क श्पाकोव्स्की आणि ली फेल्सनस्टाइन हे त्यामागचे प्रमुख लोक. ‘लिओपोल्ड्स’ या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानाच्या जिन्यापाशी एक टेलिटाइप यंत्र ठेवले होते. त्याचा खडखडाट दुकानात घुमू नये म्हणून त्याला पुठ्ठ्याच्या पेटीत बसवले होते आणि हात आत घालण्यासाठी पेटीला भोके ठेवली होती. यंत्र टेलिफोनच्या तारेने सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या संगणकाला जोडलेले होते. कोणीही यावे, नोंद करावी किंवा शोधावी, अशी व्यवस्था होती.

जुन्या गाड्या, वाद्ये आणि वादक शोधण्यासाठी लोक ते वापरू लागले. या भागात चांगले बेगल, म्हणजे मधे भोक असलेले ज्यू पद्धतीचे पाव, कुठे मिळतात, असे एकाने विचारले. उत्तरांत दुकानांचे पत्ते तर आलेच, पण पूर्वी बेगल करणाऱ्या एका कारागिराने ते शिकवण्याची तयारीही दाखवली. प्रश्न चवीचा, म्हणजे अगदी वैयक्तिक होता, तरी उत्तरे उपयोगी आली. कारण ती ज्यांनी खाल्ले किंवा केले होते अशांकडून आली होती.

१६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी पहिला संगणकीय सूचनाफलक सुरू केला. त्याला घरच्या टेलिफोनवरून जोडून घेता येई, पण एका वेळी एकालाच. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना यूजनेटची कल्पना सुचली आणि १९८० मध्ये ते इतरांना खुले झाले. त्यातले संगणक एकमेकांना टेलिफोनवरून संदेश पोचवत. प्रत्येक विषयाचा वेगळा चर्चागट असे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागल्यावर गटांतल्या जुन्या मंडळींनी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहून ती ठरावीक काळाने प्रसिद्ध करण्याची प्रथा पाडली. विस्कळीत गप्पांतून नीट बांधलेली माहिती कशी तयार होते, याचा हा उत्तम नमुना आहे. हे काम कोणीही पगार घेऊन केलेले नाही.

१९८५ मध्ये स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी ‘द वेल’ हा समुदाय उभा केला. भारतातल्या देवी निर्मूलन मोहिमेत काम केलेले डॉक्टर ते हेच ब्रिलियंट. प्रत्येकाच्या शब्दांची जबाबदारी त्याची स्वतःची, हे ‘वेल’चे मुख्य तत्त्व होते. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनी १९९३ मध्ये आभासी समुदायांवर ग्रंथ लिहिला, तो मुख्यतः इथल्या अनुभवावर आधारलेला आहे.

४. पेंटियम : एका भागाकाराची गोष्ट

सहज अभिप्रायाचे ज्ञान कसे होते, हे १९९४ च्या पेंटियम प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहता येते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजात टॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. ११ आणि १३ किंवा १७ आणि १९ यांसारख्या, दोनाचाच फरक असलेल्या मूळ संख्यांच्या या जोड्या. त्यांच्या व्यस्तांची बेरीज ते अनेक संगणकांवर करत. त्या संगणकांत इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपचा नवा संगणक आला आणि जूनमध्ये बेरजा जुळेनात. नाइसली यांनी आधी स्वतःच्या प्रणालीतली चूक शोधली, मग इतर शक्यता एकेक करून बाद केल्या. ऑक्टोबरमध्ये दोष चिपमध्येच असल्याची त्यांची खात्री झाली. त्यांनी कंपनीला कळवले. समाधानकारक उत्तर आले नाही, तेव्हा ३० ऑक्टोबरला त्यांनी काही परिचितांना पत्र पाठवून आपापल्या संगणकांवर पडताळणी करण्याची विनंती केली.

ते पत्र हस्ते परहस्ते कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर आणि तिथून यूजनेटवरच्या इंटेलविषयक गटात गेले. तिथल्या मंडळींनी त्यावर केवळ मते मांडली नाहीत, प्रत्येकाने आपल्या यंत्रावर भागाकार करून पाहिला. टिम को या अभियंत्याने दोष ठळकपणे दाखवणारी जोडी शोधून काढली : ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागायचे. बरोबर उत्तर १.३३३८२०४ येते. सदोष पेंटियम १.३३३७३९० देई, म्हणजे चौथ्या दशांश स्थळापासून चूक. आलेल्या भागाकाराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणून गुणाकार मूळ संख्येतून वजा केला, तर शून्य उरायला हवे. तिथे २५६ उरत. ही परीक्षा घरच्या स्प्रेडशीटवर एका मिनिटात करता येत होती. त्यामुळे नाइसली यांच्यावर किंवा इंटेलवर, कोणावरच विश्वास ठेवण्याची गरज उरली नाही.

दोषाचे कारणही पुढे स्पष्ट झाले. भागाकारातला पुढचा अंक ठरवण्यासाठी चिपमध्ये एक तक्ता कोरलेला होता आणि त्यातल्या पाच नोंदी गळाल्या होत्या. इंटेलला हा दोष त्याच वर्षी स्वतःच्या चाचण्यांत सापडला होता, पण तो जाहीर केलेला नव्हता. नेहमीच्या स्प्रेडशीट वापरणाऱ्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असे कंपनीने सांगितले. तो हिशेब ज्या गृहीतांवर उभा होता, ती चर्चागटातल्या लोकांनी तपासली. रोजच्या व्यवहारातले आकडे सरसकट कुठलेही नसतात, पूर्णांकांच्या जवळचे आकडे त्यात वारंवार येतात, हे त्यांनी दाखवले. आयबीएमने आपला वेगळा हिशेब मांडला. त्यात हा काळ २४ दिवसांवर आला होता. १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियम बसवलेल्या आपल्या संगणकांची विक्री थांबवली. इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांचे निवेदन त्याआधी, नोव्हेंबरअखेर, त्याच यूजनेट गटात आले होते. अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी कोणतीही अट न घालता चिप बदलून देण्याचे कंपनीने जाहीर केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार हिशेबात धरला.

या प्रकरणात समुदायाने चार कामे केली. तक्रार ऐकली, ती इतर यंत्रांवर करून पाहिली, तिचे सर्वांना समजेल असे सोपे रूप शोधले आणि कंपनीच्या युक्तिवादातले गृहीतक उघडे केले. यांतले एकही काम नुसत्या गर्दीने झाले नसते.

५. बॅटरी बदलली आणि फोन सुधारला

तेवीस वर्षांनी हाच क्रम पुन्हा दिसला. डिसेंबर २०१७ मध्ये रेडिट या चर्चास्थळावर एका आयफोन-धारकाने लिहिले की मंदावलेला फोन बॅटरी बदलताच पूर्वीसारखा वेगवान झाला. असे वाक्य कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ऐकायला मिळते. पण या व्यक्तीने बॅटरी बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे वेगचाचणीचे गुण शेजारी-शेजारी दिले होते. इतरांनी आपापले अनुभव आणि गुण त्यात घातले. ‘गीकबेंच’ ही वेगचाचणी बनवणारे जॉन पूल यांच्याकडे असंख्य फोनांच्या चाचण्यांची नोंद होती. १८ डिसेंबरला त्यांनी तिचे आलेख प्रसिद्ध केले. फोन नुसताच जुना होत गेला असता, तर गुणांची वाटणी विशिष्ट प्रणाली-आवृत्तीपासून एकदम बदलायला नको होती. आलेखांत मात्र ती तशी बदललेली दिसत होती.

२० डिसेंबरला ॲपलने मान्य केले की झिजलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये यासाठी प्रणाली वेगावर मर्यादा घालते. आठ दिवसांनी कंपनीने ग्राहकांची माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचे शुल्क ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणले. पुढे बॅटरीची प्रकृती दाखवणारी सोय फोनमध्येच आली आणि २०२० मध्ये अमेरिकेतील सामूहिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. वेग कमी करण्यामागे तांत्रिक कारण होते, हे खरे. पण ते ग्राहकाला सांगितलेले नव्हते. नवी बॅटरी घेऊन भागणार होते, तिथे कित्येकांनी नवा फोन घेण्याचा विचार केला असणार. ते कारण बाहेर काढण्याचे श्रेय नोंद ठेवून बोलणाऱ्या सामान्य वापरकर्त्यांना जाते.

६. भाकीत करताना होणारी चूक

हेच समुदाय वस्तूचे भविष्य सांगू लागले की बहुधा फसतात. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलचा आयपॉड आला. पाच गिगाबाइट साठवण, किंमत ३९९ डॉलर आणि सुरुवातीला तो फक्त मॅक संगणकाबरोबर चाले. तंत्रप्रेमींच्या ‘स्लॅशडॉट’ या लोकप्रिय स्थळाचे संस्थापक रॉब माल्डा यांनी त्याला दोन-तीन तुटक वाक्यांत निकालात काढले : वायरलेस नाही, ‘नोमॅड’ या दुसऱ्या संगीतयंत्रापेक्षा जागा कमी, एकूण मामला फुसका. दोन्ही तपशील बरोबर होते, पण निष्कर्ष सपशेल चुकला. आयपॉडने संगीत ऐकण्याची रीतच बदलली आणि त्याचे शेवटचे मॉडेल बंद व्हायला मे २०२२ उजाडावा लागला.

२००७ मध्ये ‘हॅकर न्यूज’ या चर्चास्थळावर ड्रॉपबॉक्स या फाइली साठवण्याच्या सेवेची पहिली ओळख करून दिली गेली, तेव्हा एका सदस्याने सांगितले की लिनक्स वापरणारा माणूस हीच सोय हाताशी असलेल्या साधनांतून सहज जुळवू शकेल. सांगणाऱ्यापुरते ते खरेच होते. ते जुळवणे ज्यांना कधीही जमले नसते, अशा कोट्यवधी लोकांसाठी ड्रॉपबॉक्स होते.

चुकीचे कारण दोन्हीकडे एकच आहे. तंत्रज्ञानाच्या समुदायांत जमणारे लोक सर्वसाधारण ग्राहकांसारखे नसतात. त्यांना आकडे मोजता येतात, म्हणून मोजता येणाऱ्या गुणांना ते जास्त वजन देतात. खिशात मावणारा आकार, अंगठ्याने फिरणारे चक्र आणि गाणी भरण्याची सुलभ रीत यांचे गुण तक्त्यात मांडता येत नाहीत. ‘हे माझ्याकडे असे चालले’ या वाक्यामागे अनुभव असतो, तर ‘हे कोणी घेणार नाही’ या वाक्यात स्वतःची आवड सर्वांची म्हणून गृहीत धरलेली असते. अभिप्राय वाचणाऱ्याने हे दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत.

७. ताऱ्यांचा बाजार

१९९० च्या दशकात विक्रेत्यांनीच अभिप्रायाला आपल्या दुकानात जागा दिली. ॲमेझॉनने १९९५ पासून ग्राहकांची परीक्षणे छापायला सुरुवात केली. ईबेवर १९९६ मध्ये खरेदीदार आणि विक्रेते एकमेकांना गुण देऊ लागले. चर्चेची जागा आकड्याने घेतली. पाचपैकी किती तारे, एवढे पाहून निर्णय घेता येऊ लागला आणि अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याचे धैर्य लोकांना आले. ही सोय लहानसहान नव्हे.

पण तारे देताना समुदाय मागे पडला. ताऱ्याला प्रतिप्रश्न करता येत नाही. शिवाय देणारे सर्व ग्राहकांचे प्रतिनिधी नसतात. नान हू, पॉल पाव्लू आणि जी झांग या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की परीक्षणांतले गुण बहुतेक वेळा पाच ताऱ्यांपाशी खूप, एकापाशी थोडे आणि मधे फारच कमी असे साठतात. ज्याला वस्तू आवडण्याची शक्यता असते तोच ती विकत घेतो, आणि घेतल्यावर फार खूश किंवा फार नाराज असलेलाच लिहायला बसतो. वस्तू बरी निघालेला गप्प राहतो. त्यामुळे सरासरी आकडा मधल्या मोठ्या वर्गाचे मत सांगत नाही. ईबेवर दुसरीच अडचण आली. वाईट गुण दिले तर समोरचाही तसेच देईल, या भीतीने लोक खरे बोलेनात. म्हणून २००८ मध्ये विक्रेत्यांचा खरेदीदारांना नकारात्मक गुण देण्याचा अधिकार काढावा लागला.

खोट्या अभिप्रायांचे संकट याहून मोठे आहे. २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातील स्थळावर तांत्रिक गफलतीने निनावी परीक्षकांची खरी नावे काही काळ दिसली, तेव्हा काही लेखकांनी आपल्याच पुस्तकांची तारीफ केल्याचे उघड झाले. आता पैसे किंवा फुकट वस्तू देऊन परीक्षणे लिहवून घेण्याचा धंदाच झाला आहे. भारतात २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन परीक्षण लिहिण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘आयएस १९०००’ हे ऑनलाइन परीक्षणांचे मानक जाहीर केले. लिहिणारा खरा असल्याची खातरजमा कशी करावी, परीक्षणे कशी तपासावी आणि कशी प्रसिद्ध करावी, हे त्यात सांगितले आहे. ते ऐच्छिक असल्याने त्याची धार मर्यादित राहिली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये बनावट परीक्षणांची खरेदी-विक्री दंडनीय ठरवणारा नियम केला. हे उपाय आवश्यक आहेत, पण कायदा खोटे बोलणाऱ्याला फार तर शिक्षा करील. खऱ्या अभिप्रायाला अर्थ देणारी चर्चा त्याला निर्माण करता येत नाही.

८. बोलण्याचे स्वातंत्र्य

अभिप्राय लिहिणाऱ्याला शिक्षेची धास्ती असेल तर समुदाय उभाच राहत नाही. भारतात या प्रश्नाचा एक महत्त्वाचा निकाल लागला, त्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलेल्या एका मतावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्याच सुनावणीत आणखीही याचिका जोडल्या गेल्या आणि ‘माउथशट’ची याचिका त्यांपैकी एक होती. फैसल फारुकी यांनी २००० मध्ये मुंबईत सुरू केलेले हे ग्राहक-परीक्षणांचे स्थळ. टीका आवडली नाही म्हणून ती काढून टाकण्याचा दबाव आणणाऱ्यांना तोंड देताना असे स्थळ टिकणार कसे, हा त्याचा प्रश्न होता.

२४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल’ खटल्यात न्यायालयाने ६६अ कलम रद्द केले. मजकूर काढण्याचे बंधन न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच लागू होईल, असा अर्थही ७९व्या कलमाला दिला. नुसती तक्रार पुढे करून प्रतिकूल परीक्षण पुसून टाकण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद झाला. राजकीय मत आणि धुलाई यंत्राबद्दलची तक्रार यांचे संरक्षण एकाच तत्त्वाने झाले, ही बाब प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

९. मराठी समुदाय

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट जनतेला खुले केले. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ सुरू केली. नंतर ‘मनोगत’ आणि ‘मिसळपाव’ आले. साहित्य, पाककृती आणि वादविवाद यांबरोबर कुठला कॅमेरा घ्यावा, देवनागरी टंकलेखनाला काय वापरावे, असे प्रश्नही या स्थळांवर मराठीत विचारले जाऊ लागले. प्रवासाची आणि परदेशी राहण्याची माहिती तर तिथे भरपूर साठली.

मराठीत अशी चर्चा होण्याची गरज केवळ भाषाप्रेमातून येत नाही. वस्तू कुठे आणि कशी वापरली, यावर अभिप्रायाचा अर्थ अवलंबून असतो. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, तर भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. तिथल्या परीक्षणात विजेच्या चढउताराचा उल्लेख नसतो, कारण तो अनुभव तिथे सहसा येत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र दुपारी कसे चालते, बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये किती क्षार साठतात, तालुक्याच्या गावी सेवा केंद्र आहे का, पुरणाची डाळ आणि वाटण एकाच भांड्यात होते का, याची उत्तरे इथल्याच लोकांकडे आहेत. प्रश्न त्यांच्या भाषेत विचारले, तरच ती सर्वांना देता येतील.

आज ही उत्तरे दिली जातात, पण मुख्यतः व्हॉट्सॲपच्या बंद गटांत. गृहसंकुलाच्या गटात कोणी विचारते, फ्रिज कुठला घ्यावा. दहा मिनिटांत सात-आठ उत्तरे येतात. त्यांत एखादे फार मोलाचे असते. फ्रिज किती वर्षे वापरला, काय बिघडले, दुरुस्तीला काय पडले, हे सगळे त्यात असते. संध्याकाळपर्यंत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांची चळत चढते. महिन्याने दुसरा कोणी तोच प्रश्न विचारतो आणि आधी उत्तर देणारी व्यक्ती आता लिहीत नाही. शेजारच्या संकुलाला तर त्या उत्तराचा पत्ताच लागत नाही. बंद गटात विश्वास असतो, कारण माणसे ओळखीची असतात. पण त्याची आठवण अल्पायुषी असते आणि शोधयंत्र तिथे पोचत नाही.

१०. स्मृतीचे जतन

खुल्या समुदायांची स्मृतीही सुरक्षित नाही. यूजनेटवरची चर्चा शोधण्याची सोय ‘डेजान्यूज’ने १९९५ मध्ये केली. २००१ मध्ये गूगलने तो संग्रह विकत घेतला आणि १९८१ पर्यंत मागे जाणारे संदेश त्यात मिळवले. फेब्रुवारी २०२४ पासून मात्र गूगलने यूजनेटवर नवे लेखन घेणे थांबवले. भारतात तुफान लोकप्रिय झालेले ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सचा साठा २०१९ च्या अखेरीपासून हटवला गेला. जून २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲपांकडून शुल्क घेण्याचे ठरवताच हजारो गटांनी निषेध म्हणून दारे लावली. अनेकांनी आपले जुने लेखन पुसले आणि उपयोगी उत्तरांच्या जागी मोकळ्या ओळी उरल्या.

या सर्व घटनांत लिहिणारे सामान्य लोक होते आणि जागेची मालकी कंपनीची होती. कंपनीचा व्यवहार बदलला की समाजाने विनामोबदला जमवलेले ज्ञान एका निर्णयासरशी जाते. ग्रंथालये, विद्यापीठे आणि ग्राहक संस्था यांनी अशा संग्रहांकडे सांस्कृतिक व व्यावहारिक ठेवा म्हणून पाहिले पाहिजे. मराठी स्थळांबाबत हे काम अधिक तातडीचे आहे, कारण त्यांच्यामागे मोठे भांडवल नाही.

११. निष्कर्ष

सहज अभिप्राय चांगला कसा लिहावा, याचे नियम वरील उदाहरणांतूनच निघतात. वस्तूचे नेमके मॉडेल आणि वापराचा काळ लिहावा. वापराची परिस्थिती, म्हणजे गाव, पाणी, वीज, घरातली माणसे, सांगावी. प्रत्यक्ष काय घडले आणि त्यावरून काय वाटले, हे वेगळे ठेवावे. दुसऱ्याला करून पाहता येईल अशी एखादी खूण द्यावी. वस्तू फुकट किंवा सवलतीत मिळाली असल्यास ते न विसरता नमूद करावे. सहा महिन्यांनी मत बदलले, तर जुन्या लेखनाखाली तशी भर घालावी.

वाचणाऱ्याने सरासरी ताऱ्यांपेक्षा मधल्या गुणांची सविस्तर परीक्षणे आधी वाचावीत. तीच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत केली आहे का, हे पाहावे. कंपनीने किंवा इतरांनी दिलेले उत्तर वाचल्यावाचून मत बनवू नये. समुदाय चालवणाऱ्यांनी नव्या सदस्याला हिणवू नये, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ठेवावीत आणि चर्चेची प्रत आपल्याकडे राखावी. बंद गटांतले उपयोगी उत्तर लिहिणाऱ्याच्या संमतीने खुल्या जागी आणून ठेवण्याचे काम प्रत्येक गृहसंकुलात एखाद्या व्यक्तीलाही करता येईल.

ग्राहक चळवळीने एकट्या ग्राहकाला संघटनेचे बळ दिले. ऑनलाइन समुदाय त्याला पडताळणीचे बळ देऊ शकतात. नाइसली यांच्या पत्राला उत्तर देणाऱ्या लोकांनी तेच केले. प्रत्येकाने आपल्या यंत्रावर तो भागाकार करून पाहिला आणि आलेले उत्तर सर्वांना कळवले. तेवढी शिस्त पाळली, तर मराठी ग्राहकाच्या साध्या तक्रारीतूनही वस्तू सुधारतील, नियम बदलतील आणि पुढच्या खरेदीदाराचे पैसे वाचतील.